विमानातून आलेली गादी

मावळातल्या भाजे गावचा भिकाजी मुंबईला विमानात काम करतो असं गावात सगळे सांगायचे आणि भिकाजीनं ते कधी खोडून काढलं नाही. त्यात खोटंही काही नव्हतं. तो विमानात शिरायचा, फक्त विमान जमिनीवर उभं असेपर्यंत. सांताक्रूझच्या मालाच्या शेडमध्ये तो लोडर होता.

सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या त्यानंतर लवकरच तो तिथं लागला. तेव्हा माल म्हणजे टपालाच्या थैल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि उतारूंच्या सामानातून उरलेल्या जागेत कोंबलेली चार खोकी. पुढं बोइंग आली, आणि जुन्या चार पंख्यांच्या विमानांतल्या खुर्च्या काढून ती नुसती मालाची करून टाकली. मालखातं वेगळं झालं, शेड वाढली. रेशमाचे तागे, आंब्याच्या पेट्या, सिनेमाचे डबे, अंड्यातून नुकतीच निघालेली कोंबडीची पिल्लं, पिंजऱ्यातली माकडं, परदेशी यंत्रं, सगळं त्याच दारातून आत-बाहेर होऊ लागलं. जड माल मध्यावर, हलका शेपटीकडं, आणि वरून दोरखंडाचं जाळं आवळून टाकायचं. उडत्या विमानात माल सरकला तर विमानाचा तोल जातो, हे पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलेलं होतं.

त्याचा जोडीदार वराळ्याचा महिपती. दोघंही मावळातले, दोघांची उंची सारखी, त्यामुळं मोठं खोकं आलं की सुपरवायझर याच जोडीला हाक मारायचा. महिपती कामात बोलत नसे, पण जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागं आडवा होऊन वराळ्याच्या गप्पा सांगायचा.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी मालाचं विमान आलं, त्यात छापखान्याचं एक यंत्र होतं. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यात बसवलेलं, आणि आत चहूबाजूंनी गुंडाळलेल्या दोन जाड पांढऱ्या गाद्या. कापूस भरून टाके घातलेल्या, हात लावला तर बोटं रुतावीत अशा. गिऱ्हाइकाचा माणूस यंत्र तेवढं घेऊन गेला. गाद्या पडून राहिल्या.

"न्या तुम्ही," सुपरवायझर म्हणाला. "इथं उंदीर होतील नुसते."

मोडकी खोकी, काथ्या, गोणपाट लोडरनी नेण्याचा रिवाजच होता. भिकाजीनं एक गादी गुंडाळून ताडपत्रीच्या तुकड्यात बांधली. महिपतीनं दुसरी शेडच्या मागं नेऊन अंथरली आणि तिच्यावर पाय ताणून दिले.

"घरी न्हाई नेत?" भिकाजीनं विचारलं.

"कवा जानार मी घरी? म्हैना झाला. आधी पाठ तर टेकू दे."

भिकाजी रात्री घरी पोचला. रविवारी सकाळी त्यानं गादी सोडली तेव्हा बायको शालननं हात फिरवून पाहिला आणि हसली. त्यांची चंपा चार वर्षांची होती, आणि भाज्यात डोंगराच्या सावलीला थंडी लवकर उतरायची.

"दोन गोधड्या निगतील," शालन म्हणाली. मग तिनं नाकाला पदर लावला. "पर वास कसला येतोय वो? लसनासारका."

"विमानात धा वस्तू असत्यात. धुऊन घे."

दुपारच्या गाडीनं तो मुंबईला परतला.

सोमवारी सकाळी शेडच्या दारात माणसं जमली होती. काम बंद होतं. भिकाजी आत शिरला तर महिपती जमिनीवर पडला होता. घामानं सदरा चिंब, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि दंडाचं मांस आपोआप उडत होतं, कातडीखाली काहीतरी पळत असल्यासारखं. भिकाजीनं हाक मारली. महिपतीनं डोळे उघडले, पण त्यांतली बाहुली जवळजवळ नव्हतीच. मोहरीएवढा काळा ठिपका.

त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं. काय झालं ते कुणालाच कळेना. मग कोपऱ्यात ठेवलेले पत्र्याचे डबे एकानं हलवले आणि त्यातले दोन हलके लागले. त्याच विमानातून आलेले, शेतीच्या फवारणीच्या औषधाचे. डब्याची शिवण उकलली होती. विमानात हे डबे यंत्राच्या वरच्या बाजूला बांधलेले होते, हे भिकाजीला नीट आठवत होतं. त्यानंच ते खाली दिले होते.

इस्पितळातून फोन आला. सुपरवायझर ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. फोन ठेवून तो म्हणाला, "विष आहे ते. अंगातून शिरतं. पोटात जायला नको, कातडीला लागलं तरी बास. महिपती काल दिवसभर कशावर झोपला होता?"

सगळे शेडच्या मागच्या गादीकडं बघत राहिले.

"साहेब," भिकाजी म्हणाला. "एक गादी मी घरी नेली."

"घरी कोण आहे?"

"पोरगी हाय. चार वर्साची."

सुपरवायझरनं त्याचा दंड धरला. "हे बघ. मी लोणावळ्याला ट्रंक कॉल लावतो, तारही करतो. पण तू निघ. डॉक्टरांनी सांगितलंय, अंगावरचे कपडे काढायचे, साबणानं अंग धुवायचं, आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. औषधाचं नाव अ‍ॅट्रोपीन. म्हण."

"अ‍ॅट्रोपीन."

"पुन्हा म्हण."

दादरला पुण्याची पॅसेंजर मिळाली. बसायला जागा होती, पण तो दाराशी उभा राहिला. कल्याण गेलं, तेव्हा त्याच्या मनात आलं की गादी आपणही खांद्यावर वाहिली आहे. ताडपत्री होती मधे, पण मानेला लागली असेल. त्यानं मानेवरून हात फिरवला. घाम होता. घाम उन्हाचा की विषाचा? तोंडात लाळ जास्त येतेय का? तो गिळत राहिला, आणि जितकं गिळावं तितकी लाळ जास्त वाटत गेली. एका म्हाताऱ्या उतारूला त्यानं विचारलं, "आबा, माझ्या डोळ्यांकडं जरा बघता का? मधला काळा ठिपका केवढा दिसतोय?" म्हाताऱ्यानं त्याला दारू प्यायलेला समजून तोंड फिरवलं.

कर्जतला घाटासाठी मागं इंजिनं जोडायला गाडी थांबली. लोक वडे घ्यायला उतरले. भिकाजी फलाटावर इंजिनापर्यंत गेला आणि परत आला, जणू त्याच्या जाण्यानं ते लवकर जोडलं जाणार होतं. घाटात बोगद्यामागून बोगदे आले. दर बोगद्यात अंधार व्हायचा आणि त्याला चंपा दिसायची, नव्या पांढऱ्या गोधडीत गुरफटलेली. शालन कुठलंही काम मागं ठेवणारी बाई नव्हती. आणल्या दिवशीच तिनं गोधडी शिवली असणार. काल रात्रभर पोरगी त्यात झोपली असणार. अ‍ॅट्रोपीन, तो म्हणायचा. उजेड यायचा, पुन्हा बोगदा. अ‍ॅट्रोपीन.

गावाजवळच्या मळवली स्टेशनात उतरला तो पळतच. स्टेशन मास्तरकडं काही निरोप नव्हता. शेताच्या बांधावरनं जाताना दोनदा पडला. घर दिसलं तेव्हा मात्र तो पळायचा थांबला. दार उघडं होतं आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता. शेवटचं थोडंसं अंतर तो चालतच गेला, कारण पोचल्यावर जे दिसणार ते त्याला बघायचं नव्हतं.

घराच्या मागं चंपा वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

त्यानं तिला उचललं, उन्हाकडं तोंड केलं, पापण्या बोटांनी ताणल्या. पोर रडायला लागली. डोळे काळेभोर, टपोरे होते. त्यानं तिचे हात हुंगले, पाठ हुंगली. मग तो तिला घेऊन खालीच बसला.

शालन आतून भिंतीला धरत आली. "अवो, तुमी? आज? काय झालं?"

"गादी कुटंय?"

"ती काय, कुंपनावर. काल वढ्यावर तुडवून धुतली. कापूस वाळंना, म्हनून शिवली न्हाई. आन् धुतल्यापास्नं माजंच डोकं लय दुकतंय. दोनदा उलटी झाली." ती थांबली. "असं का बगताय?"

कुंपणावर गादी लटकत होती. भिकाजीनं ती नजरेनं मोजली.

"ही अर्दीच हाय."

"व्हय, अर्दी वाडीवरल्या बाया मावशीला दिली. तुमी गेल्यावर लगीच मोळी घेऊन आलती. लेक चिंगी बाळंत झालीया तिची, खाली अंथराया गोनपाट बी न्हाई म्हनली. आपल्याला दोन गोधड्या काय करायच्या? मी म्हनलं धुऊन देते, तर ती म्हनली, राहू दे, मीच बगीन."

भिकाजीच्या मांडीवर चंपा हुंदके देत होती. आपली पोरगी वाचली म्हणून त्याच्या छातीत जो सैलपणा आला होता तो अजून गेला नव्हता, आणि त्याच वेळी दुसरी अर्धी गादी बाळंतिणीखाली दिसत होती. दोन्ही एकदमच.

"विष हाय त्यात," तो म्हणाला.

चंपाला त्यानं म्हाताऱ्या आईकडं, धोंडाबाईकडं दिलं. कुंपणाकडं कुणाला फिरकू द्यायचं नाही असं तिला बजावलं. शालनला घरीच बसायला सांगितलं, पण तिनं ऐकलं नाही. "बाळंतिनीला हात तुमी लावनार का?" एवढंच म्हणाली आणि साबणाची वडी घेऊन पुढं झाली.

बायाची वाडी विसापूर किल्ल्याच्या पायथ्याला, चढावर. झोपड्या पाच-सहा. बायाच्या झोपडीतून धूर येत होता, आणि दारात तिचा जावई बहिरू गुडघ्यात मान घालून बसला होता.

आत इतकी धग होती की भिकाजी मागं सरला. चिंगी जमिनीवर, त्या पांढऱ्या अर्ध्या गादीवर पडली होती. बाळंतिणीला ऊब हवी म्हणून बायानं दोन्ही अंगांना निखारे ठेवले होते. गादी तापली होती, आणि सगळी झोपडी लसणाच्या वासानं भरली होती. चिंगी घामानं निथळत होती. तोंडाला फेस. मांड्यांचं मांस उडत होतं. छातीतून घरघर येत होती, पाण्यात नळी घालून फुंकावं तशी.

"सकाळपास्नं असंच," बाया म्हणाली. ती रडत नव्हती, तिचा आवाज पार कोरडा झाला होता. "पोराला पाजंना. मला वाटलं गारठा बादला, म्हनून इंगळ वाढवलं."

"पोर कुटंय?"

पोर बायाच्या पदराखाली होतं. रात्रभर ते आईच्या पोटावर होतं, गादीवर नव्हतं. भिकाजीनं त्याचे डोळे पाहिले. बारीक पोराचं त्याला काय कळणार? पण ते ओरडलं, आणि ते ओरडणं चांगलं मोठं होतं.

"मावशी, तिला भाईर काढा. लुगडं काढा, साबनानं सगळं अंग धुवा. ही गादी इखारी हाय."

"वल्या बाळंतिनीच्या अंगावर पानी?" बाया त्याच्यापुढं आडवी झाली. "ह्या थंडीत? मारतोस का तिला?"

"ती गादीच मारतीया तिला!"

"तुजीच न्हवं गादी? तुज्याच घरनं आनली ना मी?"

तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचं म्हणणं खरं असेल याची त्यालाही खात्री नव्हती. फोनवरून कुणी डॉक्टर बोलला, साहेबानं ऐकलं, साहेबानं त्याला सांगितलं. मधे काही चुकलं असेल तर? पाणी घातलं आणि ती तिथंच गेली तर?

शालन पुढं झाली. "मावशी, मी काल ती गादी धुतली आन् तवापास्नं मी उभी ऱ्हाऊ शकत न्हाई. माज्याकडं बगा." तिनं बायाचा हात आपल्या कपाळावर ठेवला. तिलाही दरदरून घाम सुटला होता. "पानी ऊन करून घालू. पर घालू."

बायानं तिच्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. मग ती बाजूला झाली आणि बहिरूला हाक मारली, "हंडा चढव."

बायकांनी चिंगीला धुतलं. भिकाजी बाहेर पाठ करून उभा होता आणि आतून घरघर येतेय की थांबली, तेवढंच ऐकत होता. ती येत होती. मग बहिरूच्या घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली. पुढं भिकाजी, मागं बहिरू. भिकाजीनं आयुष्यभर ओझी उचलली होती, पण ओझं मधेच श्वास घ्यायचं थांबेल अशी भीती कधी वाटली नव्हती. उतारावर दोनदा घरघर थांबली. दोन्ही वेळा बहिरू मागून ओरडला, "चिंगे!" आणि दोन्ही वेळा ती पुन्हा सुरू झाली.

मळवलीला पॅसेंजर नव्हती. लोणावळ्याकडं जाणारी एक मालगाडी मात्र सिग्नलसाठी उभी होती. स्टेशन मास्तरनं झोळीत डोकावून पाहिलं आणि काही न विचारता गार्डाकडं गेला. त्यांना गार्डाच्या डब्यात घेतलं. बाया पोराला घेऊन कोपऱ्यात बसली. शालन दारातून ओकत होती.

लोणावळ्याच्या दवाखान्यात दिवे लागायची वेळ झाली होती. डॉक्टर तरुण होते, चष्मेवाले. "काय खाल्लं हिनं?"

"खाल्लं न्हाई. इमानातनं औषद सांडलं, फवारनीचं. गादीवर. मुंबईच्या डाक्टरनी सांगितलंय, तिला..."

आणि पुढचं नाव येईना. दादरपासून जे तोंडात घोळवत आणलं होतं ते पार पुसून गेलं होतं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. अ... अ... बहिरू त्याच्याकडं बघत होता. बाया बघत होती. भिकाजीनं कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, नाव होतं. देवाशप्पत नाव होतं!"

डॉक्टर त्याचं ऐकतच नव्हते. त्यांनी बॅटरी लावून चिंगीची पापणी उचलली होती. लगेच वळून नर्सला म्हणाले, "अ‍ॅट्रोपीन. कपाटात आहेत तेवढी सगळी काढा."

"तेच," भिकाजी म्हणाला. "तेच, तेच." आणि भिंतीला टेकून खाली बसला.

सकाळी चिंगीनं पाणी मागितलं. तिचा श्वास साफ झाला होता, अंग उडायचं थांबलं होतं. शालनलाही सुई टोचली होती, ती शेजारच्या खाटेवर झोपली होती. पोराला दुसऱ्या एका बाळंतिणीनं पाजलं. डॉक्टरांनी सांगितलं तशा दोन्ही अर्ध्या गाद्या बहिरूनं आणि वाडीतल्या गेणूनं काठीनं उचलून, ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरल्या. मुंबईची तार त्यानंतर भाज्याला पोचली. धोंडाबाईनं ती आढ्याला खोचून ठेवली.

दवाखान्याच्या पायरीवर बाया भिकाजीशेजारी येऊन बसली.

"तुला ठाव नव्हतं," ती म्हणाली.

"न्हाई मावशी."

"मला बी ठाव नव्हतं, आन् मी दोनी अंगांना इंगळ ठिवलं." तिनं हातांकडं पाहिलं. "पोरगी गेली असती तर मी तुज्या दारात येऊन बसले असते, भिकाजी. उठले नसते."

चहा घेताना भिकाजीच्या मनात एकदम आलं, महिपतीची गादी सगळी शेडमध्येच होती का? महिपतीनं आपल्या गादीतला तुकडा फाडून वराळ्याला कुणाबरोबर पाठवला असेल तर? त्याच्या घरी बायको होती, दोन मुली होत्या. महिपती बेशुद्ध होता, त्याला विचारायचं कुणी? भिकाजीनं पेला तसाच ठेवला आणि वराळ्याला जायला तळेगावची गाडी धरली.

वराळ्यात महिपतीचं घर त्याला विचारत जावं लागलं. महिपतीची बायको नंदाबाई दारात भात पाखडत होती.

"वहिनी, महिपतीनं मुंबईस्नं काय पाटवलंय का? कापूस, गादी, गोनपाट, कायबी?"

"न्हाई. म्हैना झाला, मानूसच आला न्हाई तर गादी कुटली? का वो?"

"नक्की न्हाई? कुनाबरूबर?"

"न्हाई म्हनलं ना, भाऊ."

भिकाजीनं मोठा श्वास सोडला. मुली आत खेळत होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. इथं काही आलं नव्हतं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की या बाईला काहीच ठाऊक नाही. तिला कुणी तार केली नव्हती. ती सूप हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"वहिनी, सूप ठिवा खाली," तो म्हणाला.

दोघं दुपारच्या गाडीनं मुंबईला निघाले. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "बरं व्हतील ना?" आणि भिकाजीनं चिंगीची हकिकत सांगितली, तीही बरी झाली म्हणाला. ती ऐकत राहिली, आणि खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत तिनं खिडकीचे गज सोडले नाहीत. भिकाजीला तिच्याकडं बघवत नव्हतं. चिंगी एक रात्र झोपली होती. महिपती शनिवारपासून झोपत होता.

महिपती आदल्या दिवशी संध्याकाळीच गेला होता.

कंपनीनं त्यानंतर विषारी माल वेगळ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली, डब्यांवर कवटीचं चित्र नसेल तर सुपरवायझर माल विमानात चढवू देत नसे, आणि मोडकं खोकं घरी न्यायची कुणाला परवानगी राहिली नाही. भिकाजीनं नोकरी सोडली नाही. पण खोकं उचलण्याआधी तो ते हुंगायचा, आणि नवे लोडर त्याला हसायचे.

मर्तिकानंतर नंदाबाई महिपतीचे कपडे न्यायला शेडमध्ये आली होती. कपड्यांचं बोचकं काखेत घेऊन ती म्हणाली, "ते कुटं झोपायचे, तेवढं दाखवा."

भिकाजी तिला शेडच्या मागं घेऊन गेला. फरशी घासून धुतलेली होती, वर चुना टाकलेला होता. पलीकडं एका विमानाचे पंखे सुरू झाले आणि दोघांनाही काही ऐकू येईना. आवाज लांब जाईपर्यंत ती तिथं उभी राहिली.

"हितं?" तिनं विचारलं.

"व्हय," भिकाजी म्हणाला.